विंचरण्याचा हक्क : काळ्या अमेरिकेच्या केसांचा इतिहास

१

गेल्या वर्षी परीक्षेच्या दिवसांत माझी एक विद्यार्थिनी विभागात भेटायला आली. तृतीय वर्षाला होती. घरात पदवीपर्यंत पोहोचलेली ती पहिलीच. पुण्यातल्या एका कंपनीत तिची मुलाखत ठरली होती. अर्ज तपासून हवा असेल असे मला वाटले, पण तिने विचारले ते वेगळेच. "मॅडम, मुलाखतीच्या आधी केस सरळ करून घेऊ का? मैत्रिणी म्हणतात, असले केस गावंढळ दिसतात. तीन हजार लागतात."

तिचे केस माझ्यासारखेच. दाट, राठ, कुरळे. कितीही तेल लावून वेणी घातली तरी तासाभरात कानामागून सुटणारे. तिच्या प्रश्नाला मला लगेच उत्तर देता आले नाही, कारण मी स्वतः तेच केले होते. नेट-सेट झाल्यावर सहायक प्राध्यापकाच्या पहिल्या मुलाखतीआधी मी उसनवारी करून शहरातल्या एका पार्लरमध्ये जाऊन बसले होते. तिथली मुलगी माझ्या केसांतून कंगवा ओढत म्हणाली, "किती खराब केस आहेत तुमचे!" आणि मी तिची माफी मागितली. औषधाच्या वासाने डोळ्यांतून पाणी येत होते, टाळू भाजत होती, तरी मी बोलले नाही. त्या मुलाखतीत माझी निवड झाली नाही. दोन वर्षांनी नोकरी लागली तेव्हा मुळातून उगवलेले केस पुन्हा पहिल्यासारखेच होते.

माफी का मागितली, हा प्रश्न मला पुढे बरीच वर्षे छळत राहिला. केस खराब आहेत, हे कोण ठरवते? कशाशी ताडून ठरवते? मी इतिहास शिकवते. वाचता वाचता या प्रश्नाचा सर्वांत सविस्तर इतिहास मला सापडला तो अमेरिकेतल्या काळ्या स्त्री-पुरुषांच्या जगण्यात. तो आपल्या वाचकांसमोर ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

काळ्या अमेरिकेशी आपले नाते नवे नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. हार्लेमची वस्ती तिथून हाकेच्या अंतरावर. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊनच. त्यांच्या लढ्यातून आपण संघटनेचे नाव घेतले, कवितेची आग घेतली. पण त्या आंदोलनातले लोक आपापल्या डोक्यावरच्या केसांविषयी इतके का बोलत होते, याकडे आपण फारसे पाहिले नाही. ते फॅशनचे प्रकरण असावे, असे आपण धरून चाललो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केली पाहिजे. जात म्हणजे वंश नव्हे, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले आहे. आपल्याकडे कुरळे केस सर्व जातींत आहेत आणि सरळ केसही सर्व जातींत आहेत. केसांच्या पोतावरून जात ओळखता येत नाही. म्हणून अमेरिकेतले चित्र जसेच्या तसे इथे चिकटवणे चुकीचे ठरेल. साम्य आहे ते दुसऱ्या जागी, आणि त्या जागेशी मी शेवटी येणार आहे.

२

आफ्रिकेच्या पश्चिम भागातल्या योरुबा, वोलोफ, मेंडे अशा अनेक समाजांत केशरचना ही एक भाषाच होती. वय, लग्न, कूळ, हुद्दा, शोक या गोष्टी डोक्याकडे पाहून कळत. केस विंचरून वेण्या घालायला कित्येक तास लागत आणि ते काम नात्यातले, विश्वासातले माणूस करी. या केसांसाठी फणीही तशीच होती, लांब आणि विरळ दातांची. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयाने २०१३ साली आफ्रिकी फणीच्या इतिहासावर एक प्रदर्शन भरवले. त्यात इजिप्तमधील सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीच्या परंपरेपासून आजच्या प्लास्टिकच्या फणीपर्यंतची साखळी मांडली होती.

गुलाम म्हणून पकडलेल्या माणसांची डोकी जहाजावर चढवण्यापूर्वी अनेकदा भादरली जात. स्वच्छतेचे कारण दिले जाई. पण ज्या समाजात डोक्यावर माणसाची ओळख लिहिलेली असे, तिथे या भादरण्याचा अर्थ काय होत असेल, हे समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. समुद्रापलीकडे गेल्यावर त्यांच्याकडे ती फणी राहिली नाही, तेल राहिले नाही आणि विंचरायला वेळही राहिला नाही.

१९३६ ते १९३८ या काळात अमेरिकी सरकारच्या फेडरल रायटर्स प्रोजेक्टने गुलामगिरीत जन्मलेल्या आणि तेव्हा हयात असलेल्या दोन हजारांहून अधिक वृद्धांच्या मुलाखती लिहून घेतल्या. त्या मुलाखतींत केसांचे उल्लेख विखुरलेले आहेत. मेंढीची लोकर पिंजायची काटेरी फळी असते, तिने बाया एकमेकींचे केस विंचरत. डोक्याला लोणी किंवा चरबी लावत. आठवडाभर केसांच्या बटा दोऱ्याने नाहीतर चिंध्यांनी गुंडाळून वर फडके बांधत आणि रविवारी त्या सोडत. रविवार हा त्यांचा सुटीचा दिवस. शेतातून आलेल्या आईच्या पुढ्यात लेकीने बसायचे आणि आईने आठवड्याचा गुंता सोडवायचा. मालकाने ज्या शरीराची किंमत लावलेली आहे, त्या शरीराची त्या दिवशी कोणीतरी मायेने निगा राखत होते. इतिहासाच्या पुस्तकांत बंडांची नोंद होते, या रविवारांची होत नाही.

मालक या केसांना केस म्हणत नसत, लोकर म्हणत. लोकर जनावराची असते. आणि लोकर पिंजायची फळी हेच या माणसांच्या हाती उरलेले साधन होते, यातली क्रूरता वेगळी सांगायला नको.

३

केसांवर सत्तेचा हात कायद्याने पडल्याचे एक उदाहरण १७८६ सालचे आहे. लुइझियाना प्रांत तेव्हा स्पेनच्या अमलाखाली होता. न्यू ऑर्लिन्समध्ये गुलामगिरीतून सुटलेल्या स्वतंत्र काळ्या आणि मिश्रवर्णी स्त्रियांची मोठी वस्ती होती. त्या केसांची नाना प्रकारची रचना करीत, त्यात पिसे आणि दागिने खोवीत. गव्हर्नर एस्तेबान मिरो याने हुकूम काढला की या स्त्रियांनी डोक्याला फडके बांधलेच पाहिजे. त्या फडक्याला 'टिन्यों' म्हणत. गुलाम बाया कामावर फडके बांधत. स्वतंत्र बाईही त्याच पायरीची आहे, हे रस्त्यावर दिसावे, हा त्यामागचा हेतू. स्त्रियांनी हुकूम पाळला, पण फडकी बांधली ती भडक रंगांची, उंच गाठींची, दागिन्यांनी मढवलेली. मोडायचे म्हणून दिलेले चिन्ह त्यांनी मिरवले.

१८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. पण मोजपट्टी संपली नाही. 'चांगले केस' आणि 'वाईट केस' असे शब्द काळ्या समाजाच्या घराघरांत शिरले होते. चांगले म्हणजे गोऱ्यांच्या केसांच्या जवळ जाणारे आणि वाईट म्हणजे आफ्रिकेच्या जवळचे. एकाच आईच्या दोन मुलींत या शब्दांनी भेद केला. आपल्या वाचकांना हे नवे वाटणार नाही. वरच्याने ठरवलेली उतरंड खालच्याने आपल्या घरात उभी करणे, हीच गुलामीची खरी कमाई असते.

याच काळात केसांचा बाजार उभा राहिला आणि तो उभा करणाऱ्यांत काळ्या स्त्रिया पुढे होत्या. इथे इतिहास गुंतागुंतीचा होतो आणि आपण घाईने निवाडा करता कामा नये. सारा ब्रीडलव्ह या मुलीचा जन्म २३ डिसेंबर १८६७ रोजी लुइझियानातील डेल्टा या गावी झाला. कापसाच्या मळ्यावर गुलाम राहिलेल्या आईबापांचे गुलामगिरीबाहेर जन्मलेले ते पहिले मूल. सातव्या वर्षी ती पोरकी झाली, चौदाव्या वर्षी तिचे लग्न झाले, विसाव्या वर्षी ती विधवा झाली. नंतर सेंट लुइस शहरात तिने वर्षानुवर्षे लोकांचे कपडे धुतले, दिवसाला जेमतेम दीड डॉलर मजुरीवर. तिचे केस गळू लागले. तिच्यासारख्या हजारो बायांचे गळत होते, कारण घरात नळ नव्हता, नहाणे क्वचित होई, साबण कडक होता, खाणे निकृष्ट होते आणि टाळूच्या रोगांवर उपचार नव्हते. गळणाऱ्या केसांचे कारण वंशात नव्हते, दारिद्र्यात होते.

ॲनी टर्नबो मलोन या काळ्या स्त्रीने केसांच्या निगेची औषधे काढून विक्री सुरू केली होती. सारा आधी त्यांची विक्रेती झाली आणि पुढे १९०६ पासून मॅडम सी. जे. वॉकर या नावाने स्वतःचा व्यवसाय उभारला. धुण्याभांड्यांतून बाहेर पडलेल्या हजारो काळ्या बाया त्यांच्या विक्रेत्या बनल्या. १९१२ साली शिकागोत नॅशनल निग्रो बिझनेस लीगच्या अधिवेशनात बुकर टी. वॉशिंग्टन त्यांना बोलू देईनात. त्या आपल्या जागेवरून उठल्या आणि आपण कापसाच्या शेतातून धुणावळीच्या टपापर्यंत आणि तिथून स्वतःच्या कारखान्यापर्यंत कशा आलो, हे त्यांनी सभेला ऐकवले. १९१७ साली त्यांनी फिलाडेल्फियात आपल्या विक्रेत्या स्त्रियांचे अधिवेशन भरवले. त्या अधिवेशनाने अध्यक्ष विल्सन यांना तार करून, जमावाकडून होणाऱ्या काळ्यांच्या हत्यांविरुद्ध कायद्याची मागणी केली.

त्यांच्या पद्धतीत तापवलेली लोखंडी फणी होती आणि तिने केस सरळ होत. मात्र आपण केस सरळ करत नाही, केसांची निगा राखतो आणि ते वाढवतो, असे त्या आग्रहाने सांगत. हा दावा पूर्ण खरा मानावा की नाही? मला वाटते, दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. टाळूचे रोग बरे झाले, बायांना स्वतःची कमाई मिळाली, आणि त्याच बाजाराने सरळ केसांचा आदर्शही घरोघर नेला. मार्कस गार्वी यांनी पुढे लोकांना सांगितले की डोक्यावरचा गुंता काढण्याआधी डोक्यातला काढा. ते बरोबरच होते. पण टपावर कपडे धुणाऱ्या बाईला सरळ केसांशिवाय दुकानात वा कचेरीत कोणी उभे करत नव्हते, हेही तितकेच खरे आहे.

पुरुष यातून सुटले नव्हते. कॉस्टिक सोडा, अंडी आणि बटाटे यांचा लगदा डोक्याला थापून केस सरळ करायची रीत होती. तिला 'कॉन्क' म्हणत. माल्कम एक्स यांनी १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात बोस्टनमधल्या आपल्या पहिल्या कॉन्कचे वर्णन केले आहे. डोके पेटल्यासारखे भाजत होते, आणि आरशात सरळ केस पाहून तेव्हा त्यांना अभिमान वाटला. पुढे भान आल्यावर त्यांनी त्या क्षणाची गणना स्वतःच्या अधःपतनात केली. पार्लरच्या खुर्चीतली माझी माफी मला त्या पानावर सापडली.

४

कार्यकर्त्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावे असे एक नाव आहे बर्निस रॉबिन्सन. दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटन शहरात त्या केशकर्तनाचा, म्हणजे ब्यूटी पार्लरचा व्यवसाय करीत. त्या राज्यात मतदार म्हणून नाव नोंदवायला वाचून दाखवावे लागे आणि त्या अटीवर काळ्यांना बाहेर ठेवले जाई. हायलँडर फोक स्कूलच्या सेप्टिमा क्लार्क यांनी जवळच्या जॉन्स बेटावर प्रौढांसाठी वर्ग काढायचे ठरवले. क्लार्क स्वतः शिक्षिका होत्या आणि एनएएसीपी या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे सदस्यत्व सोडायला नकार दिल्याबद्दल १९५६ साली त्यांची नोकरी गेली होती. मग वर्ग चालवायचा कोणी? ज्याचा पगार गोऱ्यांच्या हातात आहे, त्याला हे काम करणे अवघड. रॉबिन्सन यांची गिऱ्हाइके काळी, दुकान स्वतःचे. त्यांना कामावरून काढणारा कोणी नव्हता. जानेवारी १९५७ मध्ये त्यांनी पहिला वर्ग सुरू केला. पुढे अशा नागरिकत्व-शाळा दक्षिणेत सर्वत्र पसरल्या आणि हजारो लोक त्यांतून मतदार झाले.

ज्या हाताने दिवसभर तापलेली फणी फिरवली, त्याच हाताने संध्याकाळी मुळाक्षरे गिरवून घेतली. सरळ केस म्हणजे शरणागती आणि कुरळे केस म्हणजे क्रांती, असे सोपे समीकरण मांडणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये.

१९६० नंतर मात्र उघड विद्रोह सुरू झाला. २८ जानेवारी १९६२ रोजी हार्लेममध्ये 'नॅचरली '६२' हा कार्यक्रम झाला. छायाचित्रकार क्वामे ब्रॅथवेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सावळ्या-काळ्या वर्णाच्या आणि केस सरळ न केलेल्या तरुणींना रंगमंचावर आणले. 'काळे ते सुंदर' ही घोषणा लोकांपर्यंत नेण्यात या मंडळींचा मोठा वाटा आहे. ऑक्टोबर १९६६ मध्ये ओकलंडला ब्लॅक पँथर पक्ष स्थापन झाला. आपल्या केसांना जसे वाढायचे तसे वाढू देणे, म्हणजे 'ॲफ्रो', ही त्या पिढीची खूण बनली. सॅन दिएगोचे न्हावी विली मॉरो यांनी लांब दातांची फणी पुन्हा घराघरांत नेली आणि १९७३ साली एक पुस्तक लिहिले. आपल्या लोकांनी चारशे वर्षे फणीविना काढली, हे त्यांनी त्याच्या शीर्षकातच सांगितले.

मॉरो यांच्या या विधानापाशी मी बराच वेळ थांबले. सगळा इतिहास त्यात आला आहे. केसांत काही दोष नव्हता. हातात दिलेली बारीक दातांची फणी दुसऱ्या कोणाच्या केसांसाठी घडवलेली होती. ती या केसांत अडकली, तुटली, आणि दोष केसांवर ठेवला गेला.

अँजेला डेव्हिस यांचा ॲफ्रोतला चेहरा १९७० साली एफबीआयच्या फरारींच्या यादीतून जगभर गेला. ऑक्टोबरमध्ये त्यांना अटक झाली आणि जून १९७२ मध्ये त्या निर्दोष सुटल्या. त्या काळात केवळ तसे केस आहेत म्हणून अनेक काळ्या स्त्रियांना पोलिसांनी अडवले. १९९४ साली डेव्हिस यांनी एका निबंधात खंत मांडली की नव्या पिढीला आपण आठवतो ते एका केशरचनेपुरते. मुक्तीचे राजकारण वगळून उरली ती फॅशन. बाजाराने तर आधीच हात धुऊन घेतले होते. शिकागोची जॉन्सन प्रॉडक्ट्स ही काळ्या मालकीची कंपनी पूर्वी केस सरळ करण्याची औषधे विकत होती. तिने आता ॲफ्रोसाठी 'ॲफ्रो शीन' विकायला सुरुवात केली. आपल्या निळ्या झेंड्याचे, आपल्या जयंतीचे काय होते आहे, याचा विचार करताना हा धडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

५

न्यायालयांनी काय केले? १९७६ साली एका संघीय न्यायालयाने ॲफ्रोवरून नोकरीत केलेला भेदभाव हा वंशभेद ठरू शकतो, असे मानले. पण १९८१ साली न्यूयॉर्कमध्ये रेनी रॉजर्स यांचा दावा फेटाळला गेला. अमेरिकन एअरलाइन्समध्ये काम करताना त्या टाळूलगत बारीक वेण्या घालत आणि कंपनीला त्या नको होत्या. न्यायालय म्हणाले, ॲफ्रो निसर्गाने उगवतो, वेणी माणूस घालतो, म्हणून तिला संरक्षण नाही. उगवणारे केस तुमचे, पण त्यांची निगा राखण्याची रीत तुमची नाही! २०१६ साली आणखी एका संघीय न्यायालयाने, लॉक्स कापायला नकार देणाऱ्या स्त्रीला नोकरी नाकारणे वैध ठरवले. लॉक्स म्हणजे जटेसारखे वळवलेले केस. अखेर ३ जुलै २०१९ रोजी कॅलिफोर्नियात 'क्राउन' कायदा झाला. केसांचा पोत आणि वेण्या, लॉक्स यांसारख्या रचना हाही वंशाचाच भाग मानून त्यावरील भेदभावाला त्याने बंदी केली. आजवर वीसहून अधिक राज्यांनी असे कायदे केले आहेत. देशभरासाठीचे विधेयक मार्च २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहात संमत झाले, पण सिनेटमध्ये अडकले.

जटेचा उल्लेख आला म्हणून एक खुलासा. आपल्याकडे यल्लमाच्या नावाने मुलींच्या डोक्यावर जट राखली गेली, तिच्या आडून त्यांना देवाला सोडले गेले, आणि ती जट कापणे हे परिवर्तनवादी चळवळीचे काम राहिले आहे. ते योग्यच आहे. तिथे लॉक्स धुतात, तेल लावतात, हव्या तेव्हा कापतात. इथे जट न धुण्याची, न कापण्याची भीती घातली जाते. दोन्ही वरून सारख्या दिसल्या तरी प्रश्न एकच विचारायचा : हे डोके कोणाच्या मर्जीने चालते?

मोजपट्टीचे सर्वांत निर्लज्ज रूप दक्षिण आफ्रिकेत दिसले. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने माणसांची वंशवार वाटणी करताना संशय आला, की अधिकारी केसांत पेन्सिल खोवून पाहत. पेन्सिल खाली पडली तर माणूस वरच्या वर्गात, अडकली तर खालच्या. एका पेन्सिलीवर राहण्याची जागा, शाळा आणि लग्न ठरत असे.

६

आता या केसांच्या निगेविषयी थोडे शास्त्राचे. केस ज्या कूपातून उगवतो तो कूप सरळ असेल तर केस सरळ येतो. तो वाकलेला असेल तर केस वळतो. घट्ट वळ्यांच्या केसाचा छेद गोल नसून चपटा, लंबवर्तुळाकार असतो. टाळूतून झिरपणारा स्निग्धांश सरळ केसावरून सहज खाली उतरतो, पण वळ्यावळ्यांतून टोकापर्यंत पोहोचत नाही. म्हणून असे केस कोरडे पडतात, आणि प्रत्येक वळणावर तुटण्याची शक्यता असते. एवढे समजले की निगा कशी राखायची ते आपोआप कळते. रोज साबण नको. आधी पाणी, मग ओल धरून ठेवायला तेल. केस ओले असताना भाग पाडून बोटांनी किंवा विरळ दातांच्या फणीने आधी टोके, मग वर वर करत मुळापर्यंत सोडवायचे. वेणी घालावी, पण कपाळाची कातडी ओढली जाईल इतकी घट्ट नको, नाहीतर कडेचे केस कायमचे जातात. रात्री डोक्याला गुळगुळीत कापड बांधावे, कारण सुती उशी ओल शोषते आणि घासते. गुलाम बायांचे दोरे, चरबी आणि फडके आठवा. साधने मिळाली नाहीत, पण ज्ञान त्यांच्याकडे होते.

अलीकडे केसांचे एक ते चार असे प्रकार आणि त्यांचे अ, ब, क असे पोटप्रकार सांगतात. आंद्रे वॉकर या केशरचनाकाराने १९९० च्या दशकात ही पद्धत लोकप्रिय केली. निगा ठरवायला ती उपयोगी आहे. पण त्यात सरळ केस पहिले आणि सर्वांत घट्ट वळ्यांचे शेवटचे. बघता बघता 'नैसर्गिक केस' मानणाऱ्यांतही शेवटच्या प्रकाराला कमी लेखले जाऊ लागले. वर्गीकरणाची उतरंड व्हायला वेळ लागत नाही, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक?

आणि सरळ करण्याची किंमत? कॉस्टिकसारखी रसायने केसाच्या प्रथिनांतले गंधकाचे बंध तोडतात. ते परत जुळत नाहीत. मुळातून नवा केस वळलेलाच येतो, म्हणून दर काही आठवड्यांनी पुन्हा तेच. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी ३३,४९७ स्त्रियांच्या सुमारे ११ वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. केस सरळ करणारी उत्पादने कधीच न वापरणाऱ्या स्त्रियांत वयाच्या ७० वर्षांपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण १.६४ टक्के, तर वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के असावे, असा त्यांचा अंदाज आहे. रसायनांमुळेच रोग झाला, हे एवढ्याने सिद्ध होत नाही. पण सावध व्हायला एवढे पुरे आहे.

७

आता आपल्या जागी येऊ. आपल्या समाजाच्या केसांचा पोत कोणी मोजला नाही. इथे प्रश्न स्पर्शाचा होता. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये आपल्या साताऱ्यातल्या बालपणाविषयी लिहिले आहे. साताऱ्यात न्हावी होते आणि त्यांना पैसे देण्याची ऐपतही होती, पण अस्पृश्याच्या डोक्याला कोणी हात लावत नसे. घरातल्यांचे केस कापायची ती त्यांची थोरली बहीण. हे काम करता करता ती त्यात तरबेज झाली होती. भारताची घटना लिहिणारे डोके एका मुलीने आपल्या हातांनी सांभाळले होते.

आमच्या गावातला न्हावी म्हशी भादरायचा, पण माझ्या आजोबांचे डोके नाही. १९५५ च्या कायद्याने अशी सेवा नाकारणे गुन्हा ठरला होता; गावाला तो कायदा ठाऊक नव्हता किंवा ठाऊक असून नसल्यासारखा होता. त्या न्हाव्याला एकट्याला दोष देऊन भागणार नाही. तोही बलुतेदार. आमच्या डोक्याला हात लावला तर पाटलाच्या वाड्यावरचे त्याचे बलुते बंद झाले असते. आजोबांचे केस आजी कापायची, शेळ्यांचे केस कातरायच्या कातरीने. मेंढीच्या लोकरीची ती काटेरी फळी पुस्तकात वाचली, तेव्हा मला आजीची कातर आठवली. दोन खंडांत हा एवढा इतिहास सारखा आहे : माणसाच्या निगेची साधने नाकारली आणि जनावरांची हाती ठेवली.

माझी आई रोजंदारीवर जायची. आमच्या बाजाराच्या दिवशी तिला सुटी. त्या दिवशी ती मला पुढ्यात घेऊन बसायची, खोबरेल चोळायची, बोटांनी गुंता सोडवायची. फणी नंतर. "केस माझ्या आईवर गेलेत तुझे," म्हणायची. तिने कधी 'खराब' हा शब्द वापरला नाही. तो मी शाळेत शिकले. तिथे एक बाई माझ्या वेणीकडे बोट दाखवून सगळ्या वर्गाला सांगायच्या की 'यांच्यात' नीटनेटकेपणा नसतो. पुढे माझ्या बोलण्याविषयी, कपड्यांविषयी तेच ऐकले. आज मी स्वतः उत्तरपत्रिकांत विद्यार्थ्यांच्या घरच्या बोलीखाली लाल रेघ ओढते, तेव्हा हात थांबतो. फणी कोणाच्या केसांसाठी घडवली आहे, हे तपासल्याशिवाय मी 'अशुद्ध' लिहिते आहे का?

त्या विद्यार्थिनीला मी केस सरळ कर किंवा करू नकोस, यातले काहीच सांगितले नाही. बर्निस रॉबिन्सनची गोष्ट सांगितली, वॉकरची सांगितली, पाहणीचे आकडे सांगितले. आणि माझ्या माफीची गोष्टही सांगितली. ती म्हणाली, "मग आता पार्लरवाल्या बाईला काय म्हणाल?" मी म्हटले, "कंगवा बदल म्हणेन." ती वेणी घालून मुलाखतीला गेली. निवड झाली नाही. का झाली नाही, हे कोणी सांगत नसते. पुढच्या महिन्यात ती दुसऱ्या मुलाखतीला गेली, तीही वेणी घालूनच.

शेवटी विद्यार्थी आणि कार्यकर्त्यांना एक काम सुचवते. अमेरिकेत १९३६ साली लोक वही घेऊन म्हाताऱ्या माणसांच्या दारात गेले, म्हणून ती काटेरी फळी आणि ते रविवार आज आपल्याला माहीत आहेत. आपल्या वस्तीतल्या आज्या अजून आहेत. त्यांना विचारा : तुमच्या घरात केस कोण कापायचे? कशाने कापायचे? गावात न्हाव्याने पहिल्यांदा आपल्या माणसाच्या डोक्याला हात लावला तो कोणत्या साली, आणि त्यासाठी कोणाला भांडावे लागले? उत्तरे त्यांच्या शब्दांत लिहून ठेवा, आणि त्या शब्दांखाली लाल रेघ ओढू नका. माझ्या आजीला हे विचारायचे राहून गेले. ती कातर आता घरात नाही.